‘मला भूक नाही’ म्हणणाऱ्या आजींचे ताट

रक्तदाब तपासायला आलेल्या आजींबरोबर दवाखान्यात बहुधा सून किंवा लेक असते. तपासणी झाली, आजी बाहेर बाकावर जाऊन बसल्या, की ती जरा मागे रेंगाळते आणि हळू आवाजात विचारते, "डॉक्टर, यांना काय करून घालू हो? काही केले तरी नाक मुरडतात. पोळी चावत नाही, भाजीला वास येतो, भात नको. रोज वेगळे करायला वेळ नाही आणि परवडतही नाही."

हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे. "मऊ खिचडी द्या, मीठ-तेल कमी करा." हे उत्तर किती अपुरे आहे, ते मला माझ्याच घरात कळले. म्हणून आज पुस्तकातले न सांगता आधी घरचेच सांगते.

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात त्यांचे सारे आयुष्य गेले. मामंजी गेल्यावर २०२२ च्या दिवाळीत आम्ही त्यांना आमच्याकडे आणले. वय ७८, वजन ४७ किलो, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही. घरात सून डॉक्टर, मग काय विचारता! मी पहिल्याच आठवड्यात गूळ बंद केला, तूप बंद केले, मीठ जवळजवळ बंद केले. सगळ्यांसाठी तिखट-मिठाचा स्वयंपाक आणि आत्याबाईंसाठी वेगळ्या पातेल्यात पिवळी अळणी खिचडी. त्या म्हणत, "मला भूक नाही गं." मी म्हणे, "आत्याबाई, औषध समजून चार घास खा." आणि मनात म्हणे, या वयात फार नखरे झाले आहेत.

२०२३ च्या आषाढी एकादशीला त्यांनी नेहमीप्रमाणे उपवास धरला. सकाळी साखरेची गोळी मात्र न चुकता घेतली. दिवसभर चहा आणि एक केळे. रात्री न्हाणीघरातून काही पडल्याचा आवाज आला. जाऊन पाहते तर आत्याबाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या, अंग घामाने ओलेचिंब, बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर तपासली तर ५४. त्या शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून लगेच पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली आणि मग थोडे दूध दिले. हाड मोडले नाही हे नशीब. दुसऱ्या दिवशी वजन केले. साडेचाळीस किलो! आठ महिन्यांत साडेसहा किलो वजन गेले होते. हातातली पाटली कोपरापर्यंत सरकत होती आणि रोज त्यांच्यासमोर वावरणाऱ्या मला, डॉक्टरला, ते दिसले नव्हते.

नखरे नव्हेत, कारणे

त्यानंतर एक दिवस मी त्यांच्याजवळ निवांत बसले आणि विचारले, "आत्याबाई, खरे सांगा, जेवण का जात नाही?" एरवी दोन शब्दांत उत्तर देणाऱ्या आत्याबाई त्या दिवशी तासभर बोलल्या. त्यातून जे निघाले ते थोड्याफार फरकाने बहुतेक घरांत निघेल, म्हणून क्रमाने देते.

पहिले कारण कवळी. वजन घटते आणि हिरड्या झिजतात, तशी कवळी सैल होते. त्यांची कवळी चावताना हलत होती, खाली कण अडकून टोचत होते. चारचौघांत ती काढावी लागू नये म्हणून त्या जेवणच टाळत होत्या. दुसरे कारण औषधे. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, भूक मंदावते. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते, आणि पोट साफ नसेल तर अन्नावर वासना कशी राहील? काही औषधांनी तोंड कोरडे पडते. लाळच नसेल तर कोरडी पोळी घशाखाली उतरत नाही.

तिसरे कारण वय. म्हातारपणी जिभेची चव कमी होते, त्याहून अधिक कमी होतो तो नाकाचा वास. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग हा वासाचा असतो. म्हणून तरुण माणसाला ठीक वाटणारी भाजी आजींना पाणचट लागते. गोडाची जाण त्यामानाने अधिक टिकते, त्यामुळे जेवण नको पण पेढा चालतो, असे होते. त्याला ढोंग समजू नये.

चौथे कारण वेळ आणि सोबत. गावी त्या दिवेलागणीला जेवत. आमच्याकडे दवाखाना बंद करून मी घरी येणार, मग साडेनऊला पाने. तोवर त्यांची भूक मरून जाई. मग ‘तुम्ही आधी जेवून घ्या’ म्हणून त्यांना एकटीलाच वाढले जाई. नवऱ्याबरोबर पन्नास वर्षे जेवलेल्या बाईला एकटीने ते वेगळे ताट पुढ्यात घेणे जड जात होते. शेवटी त्या म्हणाल्या, "सगळ्यांची आमटी एक आणि माझी एक. मला वाटते मी आजारी आहे म्हणून बाजूला काढलेय." हे ऐकून माझी मान खाली गेली.

म्हणून वाचकहो, पहिले सांगणे हे की पदार्थ बदलण्याआधी कारण शोधावे. कवळी पाहावी, तोंडात व्रण नाहीत ना ते उजेडात पाहावे, पोट साफ होते का ते विचारावे, सगळ्या औषधांची पिशवी एकदा डॉक्टरांपुढे ठेवावी. आपल्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये. आत्याबाईंची ग्लिमेपिराइडची गोळी त्यांच्या मधुमेहतज्ज्ञांनी बंद केली आणि मेटफॉर्मिन कमी करून जेवणानंतर घ्यायला सांगितले. दुर्बळ वृद्धांच्या साखरेचे लक्ष्य थोडे सैल ठेवावे, असेच आता तज्ज्ञ सांगतात. त्यांच्या बाबतीत साखर एकदम उतरणे हे ती थोडी वाढलेली असण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते.

एकच चूल, एकच पातेले

आता स्वयंपाकाकडे येऊ. वेगळे पातेले मी बंद केले. घरात जे शिजेल त्यातलेच आजींचे ताट व्हायचे, फक्त काढण्याची वेळ वेगळी. वरण शिजले, घोटले, हळद-हिंग-जिरे पडले, की आत्याबाईंची वाटी बाजूला काढायची. बाकीच्यांसाठी मग काळा मसाला आणि तिखट. पालेभाजी बारीक चिरून, डाळीच्या पिठाचे आळण लावून पातळ केली की ती घरातल्या सगळ्यांनाच चालते. दुधी, लाल भोपळा, दोडका हे नेहमीपेक्षा पाच मिनिटे जास्त शिजवायचे. याने गॅसही वाचतो, वेळही आणि मुख्य म्हणजे ताट वेगळे दिसत नाही.

मिठाबद्दल थोडे सांगते. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत मीठ असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण म्हणून सगळेच अळणी करायचे नाही. लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण, ताकात वरून घातलेले मीठ हे आधी काढावे. भाजी-आमटीत बेताचे मीठ ठेवावे आणि उरलेली चव दुसऱ्या वाटेने आणावी. लिंबू, आमसूल, भाजून कुटलेले जिरे, हिंग, आले, कोथिंबीर, कढीलिंब यांतले काहीच महाग नाही. आमच्याकडची कारळ्याची किंवा जवसाची चटणी, तिखट आणि मीठ कमी घालून अगदी बारीक कुटली, तर अर्धा चमचा ताटाला जिवंत करतो. वास नाकापर्यंत पोहोचावा म्हणून जेवण गरम असावे आणि फोडणी वाढायच्या वेळी द्यावी. बाजारात ‘कमी सोडियमचे’ मीठ मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नये.

तुपाचेही तेच. वजन उतरत चाललेल्या म्हाताऱ्या माणसाला तुपाचा एक लहान चमचा हा शत्रू नव्हे. तेवढ्यातून सुमारे ४५ उष्मांक मिळतात आणि घास सुखाने उतरतो. जाड्या, बैठ्या माणसाचे पथ्य हाडकुळ्या आजींना लावणे ही माझी चूक होती, ती आपण करू नका.

प्रथिने कुठून आणायची?

म्हातारपणी स्नायू झिजतात. पाय लटपटतात, माणूस पडतो, ते बहुतांशी यामुळे. म्हणून मूत्रपिंडाचा विकार नसेल तर वृद्धांनी रोज दर किलो वजनामागे सुमारे एक ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ म्हणतात. म्हणजे ४२ किलोच्या आजींना ४२ ग्रॅम. ऐकायला हे मोठे वाटते, पण हिशेब सोपा आहे. पेलाभर (२०० मिलिलिटर) दुधात साधारण ६ ग्रॅम, २५ ग्रॅम डाळीत ५ ते ६ ग्रॅम, ५० ग्रॅम ज्वारीत सुमारे ५ ग्रॅम, मूठभर (२५ ग्रॅम) शेंगदाण्यांत सुमारे ६ ग्रॅम. जे अंडे खातात त्यांच्यासाठी ते सर्वांत सोयीचे, एका अंड्यात ६ ग्रॅम. आत्याबाई माळकरी, त्यामुळे आमच्याकडे तो प्रश्नच नाही.

डब्यातल्या महाग पावडरी आणण्याची सर्वसाधारणपणे गरज नसते. मी डाळे आणि भाजलेले शेंगदाणे समभाग घेऊन मिक्सरवर बारीक पूड करून ठेवते, त्यात थोडी वेलदोड्याची पूड. दोन मोठे चमचे पूड (सुमारे २५ ग्रॅम) दुधात, भाजीत, आमटीत कशातही मिसळते आणि त्यातून ५ ते ६ ग्रॅम प्रथिने पोटात जातात. पूड थोडीच करावी, आठ-दहा दिवस पुरेल एवढी. शेंगदाण्यांना खवट वास आला तर सरळ टाकून द्यावी.

आत्याबाईंना रुचलेले चार पदार्थ

सगळी मापे एका माणसापुरती आहेत.

हुलग्याचे माडगे : ‘तुम्हाला काय खावेसे वाटते?’ या प्रश्नाला आत्याबाईंनी दिलेले हे पहिले उत्तर. आणि मी वर्षभर त्यांना बाजारचा ओट्स खाऊ घालत होते! हुलगे खरपूस भाजून दळून आणावेत. दोन मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावे. दीड वाटी पाण्याला उकळी आली की त्यात ते सोडून ढवळत दहा मिनिटे शिजवावे. अर्धी वाटी दूध, चिमूटभर सुंठ आणि सुपारीएवढा गूळ घालावा. मधुमेह असेल तर गूळ नावापुरताच घालावा, किंवा गूळ-दुधाऐवजी जिरे, लसूण, आमसूल घालून तिखटामिठाचे कढण करावे.

ताकातल्या कण्या : ज्वारीचा जाडसर भरडा घ्यावा. पाव वाटी कण्या तासभर भिजवून पाचपट पाण्यात मंद आचेवर अगदी मऊ शिजवाव्यात. कोमट झाल्या की ताक, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरते मीठ. तोंड कोरडे पडणाऱ्यांना हे विशेष मानवते.

दशमी : ज्वारीचे पीठ कोमट दुधात मळून भाकरी थापावी. ही पाण्यातल्या भाकरीपेक्षा मऊ राहते. गरम असतानाच कुस्करून, वर चमचाभर तूप आणि घट्ट वरण घालून द्यावी. कवळी सैल असताना आमच्याकडे महिनाभर हेच चालले.

चकोल्या : हा सगळ्या घराचा रात्रीचा स्वयंपाक एका पातेल्यात होतो. तुरीचे वरण पातळ करून फोडणीला घालावे, आमसूल टाकावे, उकळी आली की कणकेच्या पातळ पोळीचे लहान तुकडे सोडावेत. सोबत मूठभर बारीक चिरलेली मेथी किंवा पालक. आजींसाठी तुकडे अगदी लहान कापावेत आणि चांगले शिजू द्यावेत.

आता आमचा दिवस असा जातो. सकाळी सहाला दुधातले नाचणीचे सत्त्व. नाचणीत चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असतो, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम. नऊला मुगाच्या डाळीचे मऊ धिरडे. बाराला दशमी किंवा मऊ भात, घट्ट वरण, एक भाजी, अर्धी वाटी दही. चारला माडगे किंवा डाळ्या-शेंगदाण्याची पूड घातलेले दूध, जोडीला पिकलेल्या पपईची फोड. रात्रीचे जेवण साडेसातला. पाच वेळा, पण प्रत्येक वेळी थोडेसेच. भरलेले ताट पाहूनच त्यांचे पोट भरत असे, हे मला उशिरा उमगले. यात किराण्याच्या यादीत जादा पडले ते रोजचे पाव लिटर दूध आणि महिन्याचे किलोभर हुलगे व शेंगदाणे. उलट बिस्किटे आणि ओट्स यांचा खर्च गेला.

उपवासाचे काय?

एकादशी सोडा, असे मी त्यांना सांगितले नाही. ऐकलेही नसते. पण साबुदाण्याऐवजी आता भगर आणि दाण्याची आमटी असते, कारण साबुदाण्यात जवळजवळ नुसता पिष्टमय भाग असतो. भगर स्वच्छ निवडून, धुऊन, ताजी शिजवावी. जुने किंवा ओल लागलेले भगरीचे पीठ वापरू नये. त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण उपवासाच्या दिवसांत वाचतो. आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी डोस काय घ्यायचा, ते आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून ठेवावे. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणे दिसले की साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तडक इस्पितळ गाठावे.

वाढण्याच्या चार गोष्टी

‘काय करू?’ असा मोघम प्रश्न विचारू नये. त्याला ‘काही नको’ हेच उत्तर येते. ‘पिठले करू की आमटी?’ असे विचारावे. निवड त्यांची राहते आणि आपलेही काम अडत नाही. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पांढऱ्या ताटलीतला दहीभात नीट दिसत नाही, म्हणून स्टीलचे किंवा रंगीत ताट घ्यावे आणि जेवायच्या जागी उजेड असावा. जेवताना ताठ बसवावे, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. त्यांनी किती खाल्ले, किती टाकले, याची चर्चा पाहुण्यांपुढे करू नये. आणि घरातल्या एकाने तरी त्यांच्याबरोबर बसावे. आमच्याकडे आता धाकटी नात साडेसातला आजीबरोबर जेवते. आजी तिला गावच्या गोष्टी सांगते आणि त्या नादात दोघींचेही ताट रिकामे होते.

महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. सहा महिने ते वर्षभरात वजन आपोआप विसावा भाग, म्हणजे ५० किलोला अडीच किलो किंवा अधिक, उतरले तर ‘वयाचे आहे’ म्हणून सोडून देऊ नये. थायरॉइड, क्षय, कर्करोग, मनाची उदासीनता अशी कारणे त्यामागे असू शकतात. गिळताना ठसका लागणे, घास अडकणे, काळी शौचाला होणे, दोन दिवस अन्नच न जाणे, यांपैकी काहीही असेल तर स्वयंपाकघरात उपाय शोधत बसू नये. दवाखाना गाठावा.

आत्याबाईंचे वजन २०२४ च्या दिवाळीत ४४ किलो भरले. गेलेले सगळे परत आले नाही, या वयात येतही नाही. पण त्या पुन्हा पडल्या नाहीत, आणि आता काठी न घेता ओट्यापाशी येऊन उभ्या राहतात. परवा माडगे चाखून म्हणाल्या, "पीठ कमी भाजलेस. सरक, मी दाखवते." वर्षभर ‘भूक नाही’ एवढेच ऐकलेल्या मला ही तक्रार फार गोड वाटली.

आज संध्याकाळी आपल्या घरातल्या आजी-आजोबांजवळ पाच मिनिटे बसा. गावी असताना काय आवडीने खात होतात, एवढेच विचारा. उत्तरात जो पदार्थ येईल तो बहुधा स्वस्त असेल, साधा असेल आणि तुमच्या डब्यातल्या जिनसांतूनच होणारा असेल. उद्याचा स्वयंपाक तिथूनच सुरू करावा.